उमेदवारी जाहीर नाही, चर्चा मात्र त्यांचीच : अमेरिकेची प्रायमरी आणि आपला प्रश्न

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरी निवडणुकांना जेमतेम महिना उरला होता. १५ जानेवारी २०२४ ला आयोवा राज्यात रिपब्लिकन पक्षाचे कॉकस झाले. २३ जानेवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये मतदान झाले. ५ मार्चला, ज्याला तिथे ‘सुपर ट्यूजडे’ म्हणतात, एकाच दिवशी डझनाहून अधिक राज्यांनी मतदान केले. पक्षाचा उमेदवार कोण असावा हे पक्षश्रेष्ठींनी बंद खोलीत न ठरवता मतदारांनी ठरवावे, ही या प्रायमरीमागची मूळ कल्पना आहे.

मैदानात रीतसर उतरलेले उमेदवार दोन्ही पक्षांत होते. डेमोक्रॅटिक पक्षात तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडन, तत्कालीन खासदार डीन फिलिप्स आणि लेखिका मॅरिअन विल्यमसन. रिपब्लिकन पक्षात डोनाल्ड ट्रम्प, निक्की हेली, रॉन डिसँटिस, विवेक रामस्वामी, ख्रिस ख्रिस्ती. तरीही वर्षभर चर्चा रंगत राहिली ती या यादीत नसलेल्या माणसांची. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम उभे राहतील का? मिशिगनच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर? मिशेल ओबामा? रिपब्लिकनांच्या देणगीदारांत व्हर्जिनियाचे तत्कालीन गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांचे नाव महिनोन्‌महिने घोळत होते. ७ नोव्हेंबर २०२३ ला व्हर्जिनियाच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षाला बहुमत मिळाले आणि ती चर्चा थंडावली.

अमेरिकेची निवडणूक, त्यात तिच्या पक्षांतर्गत फेरीत न उतरलेले उमेदवार. याचा नागपूर, औरंगाबाद किंवा नांदेडच्या बौद्ध तरुणाशी काय संबंध, असे कुणी विचारेल. संबंध सरळ आहे. या न जाहीर झालेल्या उमेदवारांपैकी सर्वांत जास्त बोलबाला ज्यांचा होता, त्याच गॅविन न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ ला कॅलिफोर्नियातील जातिभेदविरोधी विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवले. आपले भाऊबंद तिथे शिकतात, नोकऱ्या करतात, मतदानही करतात. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

‘दुसरा कुणीतरी’ हवा, पण कोण?

आधी आकडे पाहू. जुलै २०२२ मध्ये न्यू यॉर्क टाइम्स आणि सिएना कॉलेजच्या जनमत चाचणीत ६४ टक्के डेमोक्रॅटिक मतदारांनी २०२४ ला बायडन यांच्याऐवजी दुसरा उमेदवार असावा असे सांगितले. सप्टेंबर २०२३ मधील सीएनएनच्या चाचणीत हे प्रमाण ६७ टक्के होते. कारणही उघड होते. बायडन नोव्हेंबर २०२३ मध्ये ८१ वर्षांचे झाले. ऑगस्टमधील असोसिएटेड प्रेस आणि एनओआरसीच्या चाचणीत त्यांच्याच पक्षाच्या ६९ टक्के लोकांनी आणखी चार वर्षांसाठी ते फार वयस्कर आहेत असे मत दिले.

पण खरी मेख पुढच्या आकड्यात आहे. सीएनएनच्या त्याच चाचणीत, दुसरा उमेदवार हवा म्हणणाऱ्यांना ‘मग कोण?’ असे विचारले. त्यातील ८२ टक्के लोकांकडे ठरावीक नावच नव्हते. त्यांना फक्त बायडन सोडून कुणीतरी हवे होते. ज्यांनी नावे घेतली त्यांचीही मते इतकी विखुरली की कुणाच्याही वाट्याला दखल घ्यावी एवढे प्रमाण आले नाही.

याचा अर्थ काय? नाराजी खरी होती आणि मोठी होती. पण नाराजी म्हणजे पर्याय नव्हे. न जाहीर झालेला उमेदवार ही रिकामी खुर्ची असते. प्रत्येक जण तिच्यावर आपल्या मनातला माणूस बसवतो. कामगाराला तो कामगारांचा वाटतो, उद्योगपतीला उद्योगपतींचा, तरुणाला तरुणांचा. तो उभा राहिला, पहिल्या सभेत बोलला, पहिल्या प्रश्नाला उत्तर दिले, की या तिघांपैकी किमान दोघांची निराशा ठरलेली असते. कुतूहल जास्त असते ते याच कारणाने, आणि ते टिकत नाही तेही याच कारणाने.

जुनाच खेळ

अमेरिकेच्या राजकारणात हे नवे नाही. १९९१ च्या डिसेंबरमध्ये न्यू यॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्युओमो उभे राहणार का, याकडे सगळा देश डोळे लावून बसला होता. अर्जाच्या शेवटच्या दिवशी त्यांना न्यू हॅम्पशायरला नेण्यासाठी विमान धावपट्टीवर तयार होते. ते गेलेच नाहीत. १९९५ मध्ये निवृत्त सेनानी कॉलिन पॉवेल यांच्या नावाने अशीच लाट उठली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी नकार दिला. २०१५ मध्ये खुद्द जो बायडन हेच ‘उभे राहा’ म्हणून आग्रह होत असलेले न जाहीर झालेले उमेदवार होते. त्यांच्यासाठी स्वतंत्र मोहीम चालली, आणि २१ ऑक्टोबरला त्यांनी आपण उभे राहत नसल्याचे सांगितले. आठ वर्षांनी त्याच बायडन यांना नको म्हणत लोक दुसऱ्याची वाट पाहत होते, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

जे उशिरा उतरले त्यांचे काय झाले तेही पाहावे. निवृत्त सेनानी वेस्ली क्लार्क सप्टेंबर २००३ मध्ये समर्थकांच्या आग्रहाखातर उतरले. ओक्लाहोमा हे एकच राज्य त्यांनी जिंकले. फ्रेड थॉम्पसन २००७ च्या उन्हाळ्यात घोषणा न करताच चाचण्यांत वरच्या क्रमांकांवर होते. सप्टेंबरमध्ये उतरले, जानेवारीत बाहेर पडले, एकही राज्य न जिंकता. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी ऑगस्ट २०११ मध्ये उतरताच आघाडीवर गेले, आणि नोव्हेंबरच्या वादचर्चेत आपण कोणती तीन सरकारी खाती बंद करणार यातले तिसरे त्यांना आठवेना. मायकेल ब्लूमबर्ग नोव्हेंबर २०१९ मध्ये उतरले, शंभर कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला आणि पदरात पडला तो अमेरिकन सामोआ हा छोटासा द्वीपसमूह.

उलट उदाहरणेही आहेत, ती दडवून चालणार नाही. १९५२ मध्ये जनरल आयझेनहॉवर युरोपात नाटोचे सेनापती असताना, प्रचाराला न येता न्यू हॅम्पशायरची प्रायमरी जिंकले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. पण त्यांच्या पाठीशी सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांनी बांधलेली पक्षातली पक्की फळी होती. पुढे १९६४ मध्ये हेच लॉज सायगावला राजदूत असताना, मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून त्यांना न्यू हॅम्पशायर जिंकून दिले. मात्र लॉज स्वतः मैदानात आलेच नाहीत. शेवटी उमेदवारी गोल्डवॉटर यांना मिळाली.

या सगळ्यातून एक कसोटी निघते. नावामागे संघटना आणि कार्यक्रम असेल तर कुतूहलाची ताकद होते. नसेल तर ते हवेत विरते.

घोषणा न करण्याचे फायदे

घोषणा लांबवण्यात केवळ संकोच नसतो, हिशोबही असतो. अमेरिकेच्या निवडणूक कायद्यानुसार प्रचारासाठी पाच हजार डॉलरपेक्षा जास्त रक्कम उभी केली किंवा खर्च केली की माणूस उमेदवार ठरतो आणि त्याला नोंदणी आणि हिशोबाचे नियम लागू होतात. पण ‘चाचपणी’ करणाऱ्याला सवलत आहे. तो दौरे करू शकतो, सल्लागार नेमू शकतो, चाचण्या घेऊ शकतो. फक्त मी उमेदवार आहे असे म्हणायचे नाही.

न्यूसम यांचे वर्ष या नजरेने पाहा. मार्च २०२३ मध्ये त्यांनी ‘कॅम्पेन फॉर डेमोक्रसी’ नावाची समिती काढली आणि गव्हर्नरपदाच्या प्रचारनिधीतले एक कोटी डॉलर तिच्याकडे वळवले. त्यानंतर ते रिपब्लिकनांचे वर्चस्व असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत फिरले. ऑक्टोबरमध्ये चीनचा दौरा करून शी जिनपिंग यांना भेटले. ३० नोव्हेंबरला जॉर्जिया राज्यात फॉक्स न्यूजच्या मंचावर रॉन डिसँटिस यांच्याशी दीड तास वादचर्चा केली. एक जाहीर उमेदवार आणि दुसरा उमेदवार नसलेला, असा तो सामना होता. या साऱ्या काळात, आपण बायडन यांच्याच पाठीशी आहोत, हे ते सांगत राहिले.

त्यांनी कायदा मोडला असे आम्ही म्हणत नाही. पक्षनिष्ठा म्हणूनही हे पाहता येईल, आणि बायडन यांच्याविरुद्ध ते उतरलेही नाहीत. न्यू हॅम्पशायरमधील अर्जाची मुदत २७ ऑक्टोबरला संपली, नेवाडाची त्याआधीच संपली होती. म्हणजे २०२४ च्या प्रायमरीत रीतसर उतरण्याचे दरवाजे एकेक करून बंद होत होते, तरी चर्चा चालूच होती. कारण ही चर्चा केवळ २०२४ ची राहिलेली नव्हती, ती २०२८ चीही होती.

आमचा मुद्दा वेगळा आहे. जाहीर उमेदवाराला मतदार सभागृहात उभा करून विचारू शकतो : तुम्ही अमुक विधेयक का अडवले? घोषणाच न केलेल्या नेत्याला राष्ट्रीय पातळीवर हा प्रश्न कुणी विचारायचा आणि कुठे? प्रसिद्धी उमेदवाराची आणि जबाबदारी पाहुण्याची, असा हा सौदा आहे.

आपल्या वाट्याला आलेला नकार

आता त्या विधेयकाकडे येऊ. सिनेटर आयेशा वहाब यांनी २०२३ मध्ये मांडलेले एसबी ४०३ हे विधेयक मोठे क्रांतिकारक नव्हते. कॅलिफोर्नियाच्या भेदभावविरोधी कायद्यांत ‘वंशपरंपरा’ या शब्दाच्या व्याख्येत जातीचा स्पष्ट उल्लेख करावा, एवढीच त्याची अंतिम मागणी होती. नोकरी, घर, शिक्षण यात जातीवरून अन्याय झाला तर पीडिताला कायद्यातला शब्द दाखवता यावा, यासाठी ते होते. मे महिन्यात सिनेटमध्ये ते ३४ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. पुढे दोन्ही सभागृहांची मोठ्या बहुमताने मंजुरी मिळून ते गव्हर्नरांच्या टेबलावर गेले. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी राजधानी सॅक्रामेंटोत उपोषण केले. हिंदू अमेरिकन फाउंडेशनसारख्या संघटनांनी विरोध लावून धरला.

न्यूसम यांनी नकार देताना लिहिलेले कारण असे की, वंशपरंपरा, धर्म, वर्ण इत्यादी आधारांवरील भेदभावाला राज्यात आधीच बंदी आहे आणि त्यात जात येते, म्हणून हे विधेयक अनावश्यक आहे.

हे कारण आपण गंभीरपणे घेऊ, कारण त्यात आपल्यासाठी काही कामाचेही आहे. गव्हर्नरांनीच लेखी मान्य केले की सध्याच्या कायद्यात जातिभेदाला बंदी आहे. उद्या एखाद्या दाव्यात वकील हे वाक्य पुढे ठेवू शकेल. पण कायद्यात शब्द गर्भित असणे आणि छापलेला असणे यातला फरक आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? भारतीय संविधानाच्या कलम १५ मध्ये ‘जात’ हा शब्द स्पष्ट लिहिला आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नावासह नष्ट केली. ज्याचे नाव घेतले जात नाही त्याची तक्रार नोंदवणेही कठीण जाते.

योगायोग असा की, या नकारानंतर आठवडाभरातच, १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या तारखेला, मेरीलँडमधील अ‍ॅकोकीक इथे बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला. शिल्पकार आपल्या धुळे जिल्ह्यातले राम सुतार. एका किनाऱ्यावर कायद्यातला शब्द नाकारला गेला आणि दुसऱ्या किनाऱ्यावर पुतळा उभा राहिला. आपल्याला दोन्ही हवे आहेत. पण पुतळ्याच्या आनंदात तो शब्द विसरून चालणार नाही.

वाट पाहणारे आणि अट घालणारे

अमेरिकेतला कृष्णवर्णीय समाज या बाबतीत आपला जुना गुरुबंधू आहे. त्यांनी न जाहीर झालेल्या उमेदवाराबद्दलच्या उत्साहाचे काय केले ते पाहावे. १९८३ मध्ये जेसी जॅक्सन दक्षिणेतल्या राज्यांत फिरत होते, तेव्हा लोक ‘रन, जेसी, रन’ अशा घोषणा देत. जॅक्सन यांची घोषणा अजून व्हायची होती. पण तो दौरा मतदार नोंदणीचा होता! लोक नुसते नाव घेत नव्हते, रांगेत उभे राहून आपले नाव यादीत घालत होते. नोव्हेंबरमध्ये जॅक्सन उतरले तेव्हा मतदार तयार होता. १९८४ मध्ये त्यांना तीस लाखांहून अधिक मते मिळाली, १९८८ मध्ये त्याच्या दुपटीहून अधिक.

दोन्ही वेळा उमेदवारी मिळाली नाही. पण १९८८ च्या वाटाघाटीत जॅक्सन यांच्या बाजूने नियम बदलून घेतले, आणि पुढे डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जाऊ लागले. वीस वर्षांनी बराक ओबामा यांनी कॅलिफोर्नियासारखे मोठे राज्य गमावूनही तिथले डेलिगेट मिळवले आणि हिलरी क्लिंटन यांना मागे टाकले, ते याच नियमाच्या जोरावर. हरलेल्या उमेदवारीने पुढच्याची वाट बांधली.

दुसरे उदाहरण ताजे आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये बायडन यांची मोहीम गटांगळ्या खात होती. साउथ कॅरोलिनाचे ज्येष्ठ खासदार जिम क्लायबर्न यांनी आग्रह धरला की सर्वोच्च न्यायालयात कृष्णवर्णीय महिलेची नेमणूक करण्याचे वचन जाहीरपणे द्या. २५ फेब्रुवारीच्या वादचर्चेत बायडन यांनी ते दिले. दुसऱ्या दिवशी क्लायबर्न यांनी पाठिंबा जाहीर केला. २९ तारखेला बायडन यांनी ते राज्य मोठ्या फरकाने जिंकले. एप्रिल २०२२ मध्ये केटांजी ब्राउन जॅक्सन यांच्या नेमणुकीला सिनेटची मंजुरी मिळाली. वचन तोंडी होते, पण दिले गेले ते मतदानाआधी आणि कोट्यवधी लोकांसमोर. म्हणून ते पाळावे लागले.

आपली तिथली संख्या फार छोटी आहे, हे खरे. क्लायबर्न यांच्यासारखे वजन आपल्यापाशी नाही. पण जिथे संख्या छोटी तिथे जागा निवडावी लागते. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिअ‍ॅटल शहराच्या कौन्सिलने जातिभेदाला बंदी घातली. सप्टेंबरमध्ये फ्रेस्नो शहराने तेच केले. त्याआधी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या २३ परिसरांसाठी भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला होता. यातली एकही गोष्ट राष्ट्राध्यक्ष कोण होणार यावर अवलंबून नव्हती. ती झाली विद्यार्थ्यांच्या अर्जांनी, कामगार संघटनांच्या पाठिंब्याने आणि कौन्सिलच्या बैठकीत रांग लावून दिलेल्या साक्षींनी.

तारणहाराची सवय

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मातली भक्ती एकवेळ आत्म्याच्या मुक्तीकडे नेईल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. आपण हा इशारा सत्तेवर असलेल्या नेत्यांना लावतो. तो न आलेल्या नेत्यालाही लागू आहे. ‘तो उभा राहिला की सगळे बदलेल’ ही भक्तीचीच एक तऱ्हा आहे, आणि तिच्यात मूर्ती दिसत नसल्याने ती ओळखणे अवघड जाते.

तथागतांनी कालामांना सांगितलेली कसोटी इथे उपयोगी आहे. कुणी म्हणते म्हणून, ऐकीव आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून स्वीकारू नका. स्वतः तपासा, त्याचे फळ काय येते ते पाहा. उमेदवाराच्या बाबतीत फळ म्हणजे त्याची नोंद. त्याने कोणत्या विधेयकावर सही केली, कोणते परत पाठवले, कुणाच्या पैशावर दौरे केले.

म्हणून अमेरिकेत मताधिकार असलेल्या आपल्या बांधवांना आमचे तीन मुद्दे सुचवणे आहे. एक, आपल्या राज्याची प्रायमरी कधी आहे, नोंदणी कधीपर्यंत करायची, पक्षाचे सदस्यत्व लागते का, हे आजच पाहून घ्या. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. दोन, जे उमेदवार मैदानात आहेत त्यांना जातिभेदाच्या कायद्याबद्दल लेखी विचारा आणि उत्तर आले किंवा नाही आले तरी ते प्रसिद्ध करा. तीन, जे मैदानात नाहीत पण ज्यांचे नाव चालू आहे त्यांची फाइल आतापासून बांधा. २०२७ मध्ये कुणी हात जोडत आपल्या विहारात किंवा भीमजयंतीच्या कार्यक्रमात आले, तर ७ ऑक्टोबर २०२३ चे पत्र समोर ठेवता आले पाहिजे. त्यांचे मत बदलले असेल तर स्वागत करू. तेही लेखी घेऊ.

आणि इथल्या तरुणांसाठी? आपल्याकडे तर प्रायमरीच नाही. तिकीट कुणाला, हे शेवटच्या आठवड्यापर्यंत गुलदस्त्यात असते आणि तोवर वस्तीवस्तीत नावांचीच चर्चा चालते. नाव कळेपर्यंत थांबण्याची गरज नाही. वस्तीतला पाणीप्रश्न, रखडलेली शिष्यवृत्ती, अ‍ॅट्रॉसिटीच्या प्रलंबित केसेस, रिक्त राखीव जागा यांची यादी आजच तयार होऊ शकते. उमेदवार कोणीही येवो, ती यादी त्याच्या आधी तयार असली पाहिजे.

न्यू हॅम्पशायरमध्ये २०२४ च्या प्रायमरीआधी एक वेगळेच दृश्य होते. पक्षाच्या वेळापत्रकाच्या वादामुळे बायडन यांचे नाव तिथल्या मतपत्रिकेवर नव्हते, म्हणून त्यांचे समर्थक मतदारांना ते नाव हाताने लिहायला सांगत होते. म्हणजे शेवटी पेन मतदाराच्याच हाती आहे. त्या पेनाने कुणाचे नाव लिहायचे हे जानेवारीत ठरले. पण आपल्या अटी लिहायला जानेवारीची वाट पाहावी लागत नाही.

जय भीम!